जिन्याखालचं नाक

किल्ली द्यायच्या आधी काकाजींनी मला रिकाम्या घरात फोडणी करायला लावली. नागपुरात हुडकेश्वरला एक वरचा मजला रिकामा आहे असं कळलं म्हणून मी आणि माझा नवरा बघायला गेलो होतो. घरमालक साधारण विचारतात, नोकरी कुठं, माणसं किती, गाव कोणतं. नवरा मिहानमध्ये कामाला आणि मी घरून जेवणाचे डबे पुरवते, एवढं सांगितल्यावर या माणसानं फक्त एकच विचारलं, फोडणी कशी करते. मी म्हटलं, सगळे करतात तशी. तर म्हणे, करून दाखव. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, निमूटपणे खालून शेगडी, कढई, तेल, मोहरी, जिरं आणून दिलं. त्या माउलीचा चेहरा बघूनच मी ओळखायला हवं होतं की हे तिथं नेहमीचंच आहे. मी ओढणी कमरेला बांधून परक्या स्वयंपाकघरात फोडणी केली, आणि काकाजी ती बघायला थांबलेसुद्धा नाहीत. ते खाली जाऊन जिन्यापाशी उभे राहिले. मोहरी तडतडली, आणि थोड्या वेळानं खालून आवाज आला, "जिरं घाईनं टाकलं. पण चालते. या राहाले."

नवरा म्हणाला, आपण दुसरं घर बघू. पण पाणी भरपूर होतं, ओटा लांबलचक होता, खिडकीतून वारा येत होता. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, असा काय त्रास देणार? हे वाक्य नवऱ्यानं मला नंतर इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मीच त्याला हात जोडले.

काकाजी आयुष्यभर कळमन्याच्या बाजारात मिरचीचे अडते होते. पोत्यात हात घालायचा, मूठभर मिरच्या काढायच्या, एक मोडायची, हुंगायची, आणि सांगून टाकायचं की माल कुठल्या बाजूचा, वाळला किती, जुना मिसळला की नाही. मिरचीच्या त्या उडत्या खकाण्यात साध्या माणसाचं नाक कामातून जातं. यांचं आणखी तल्लख झालं. मग धंदा सोडून ते घरी बसले, आणि ते सगळं नाक माझ्या स्वयंपाकघरावर येऊन पडलं. "मी रिटायर झालो, माहं नाक नाही झालं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गुडघे दुखायचे म्हणून ते जिना चढत नसत. जिन्याखाली त्यांची खुर्ची, जिन्याला लोखंडी कठडा, आणि हातात काकूंच्या स्वयंपाकघरातून पळवलेला एक झारा. वर काही बिनसलं की झारा कठड्यावर आपटायचा. ठण्ण, आज जिरं करपलं. ठण्ण, कांदा कच्चा राहिला. ठण्ण, वरण खाली लागून राहिलं, पाह्य. सकाळची डब्यांची घाई, हात कणकेत, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, आणि त्यात खालून हा घंटानाद. मी जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायची की काकाजी, काही लागलेलं नाही. आणि ओरडून आत जाते तर वरण लागलेलं असायचं.

हाच तर खरा वैताग होता. माणूस चुकला असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. पण हा माणूस चुकतच नव्हता. मी चिडून एकदा ते लागलेलं वरण तसंच डब्यात भरून पाठवलं, म्हटलं कोणाला कळते. संध्याकाळी होस्टेलच्या पोरींनी फोन करून विचारलं की मावशी, आज वरणाला कसला वास होता. काकाजी खाली पेपर वाचत होते. त्यांनी वर बघितलंही नाही, फक्त पेपर जरा जोरात उलटला.

ते सगळंच हुंगत. कोथिंबिरीची जुडी, औषधाची बाटली, नवी चादर, घरी आलेला पाहुणा. माझ्या नवऱ्यानं सिगरेट सोडल्याचं मला सांगितलं होतं आणि मी त्या आनंदात होती. एक दिवस काकाजी त्याच्या हेल्मेटमध्ये नाक घालून म्हणाले, "जावईबापूनं सोडली म्हणते न? हेल्मेटनं नाही सोडली." त्या रात्री आमच्या घरी जे झालं त्याला जबाबदार कोण, ते तुम्हीच ठरवा.

बरं, हे काही सोवळ्यातले नव्हते. रविवारी सावजीचं मटण घाम येईस्तोवर खायचे. पण वाळलेल्या झिंग्यांना त्या घरात सक्त बंदी होती. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिथं झिंगे भाजून केलेल्या चटणीशिवाय आमच्या गळ्याखाली भाकर उतरत नाही. काकाजी म्हणत, त्या वासानं माझं नाक आठवडाभर दुसरं काही घेत नाही. म्हणून मी इतकी वर्षं ती चटणी माहेरी जाऊन खाल्ली. लोक माहेरी विसावा घ्यायला जातात, मी झिंगे भाजायला जायची.

एकदा माझाही तोल गेला. मी जिन्यावरून म्हटलं, काकाजी, तुमचं नाक तुमच्या घरात ठेवा. त्यांनी शांतपणे झारा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर म्हातारा दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला. "माहं नाक बंद आहे. जाळा काय जाळाचं ते." येणारा प्रत्येक जण विचारायचा की काय झालं, आणि ते बोटानं वर दाखवायचे. भाजीवालीनं माझ्याशी बोलणं कमी केलं. किती दिवस चाललं ते विचारू नका. मग एका दुपारी ते बोळ्यांसकट ताडकन उठले, बोळे काढून फेकले, आणि गुडघे विसरून शेजारच्या घराकडे धावले. तिथं सिलिंडर गळत होतं आणि घरातली बाई देवापुढे दिवा लावायला काडेपेटी शोधत होती. त्यानंतर गल्लीत त्यांच्या नाकाविरुद्ध बोलायची कोणाची हिंमत राहिली नाही, माझी तर नाहीच नाही.

ही कापसाची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की पुढे आम्ही सगळे जे फसलो ते तिच्यामुळे.

झालं असं की मी ओट्यावर चिमणी बसवून घेतली. धूर बाहेर खेचणारी, बटण दाबलं की घुंईं करणारी. काकाजींना ते फार लागलं. "माह्या नाकाच्या विरोधात मशीन बसवली," असं ते काकूंना म्हणाले, आणि हळूहळू झारा बंद पडला. आम्ही म्हटलं, झालं, पुन्हा रुसले. या वेळी बोळे नाहीत, एवढाच काय तो फरक. काकू म्हणाल्या, राहू दे वं, उतरंन राग आपोआप.

खरं सांगते, ते दिवस फार सुखाचे होते. सकाळी शांतता. मी कांदा करपवला तरी खालून हूं नाही की चूं नाही. नुसता झाराच बंद झाला नाही, माणूसच मऊ झाला. दूधवाल्याशी वाद नाही, झाडूवालीवर ओरडणं नाही, टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या नाहीत. कोणी काही विचारलं की हसायचे. गल्लीत बोलायला लागले की काकाजी सुधारले, कोणी म्हणे ध्यान करतात, आणि एक नवीन राहायला आलेली सून तर त्यांच्या पाया पडून गेली. काकू मला म्हणाल्या, "देवानं ऐकलं माहं. उशिरा का होईना."

आंघोळीचा कंटाळा करायला लागले, तर आम्ही म्हटलं थंडी आहे. थंडी गेली तरी करत होते, तर म्हटलं वय आहे. बनियन उलटी घालून बाहेर बसले, तर म्हटलं हे कधी धड होते? डोकं दुखते म्हणायचे, त्यालाही आम्ही रागच समजलो. एक दिवस त्यांच्याच स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन जळून कोळसा झालं, आणि ते शेजारी बसून पेपर धरून होते. काकू बाजारातून आल्या तेव्हा घर धुरानं भरलेलं. त्या रडकुंडीला येऊन वर आल्या आणि म्हणाल्या, बघ, मुद्दाम करून राहिले, माह्यावर सूड उगवून राहिले. मला ते पटलं. ज्या माणसाच्या नाकाला आमची अख्खी गल्ली घाबरत होती, ते नाक चालत नसेल असं मनात तरी कसं येणार?

पण मला करमेना. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. भांडायला तोंड शिवशिवायचं आणि समोरचा माणूस भांडेना. मी मुद्दाम जिन्यात थांबून म्हणायची की काकाजी, आज कांदा कच्चा राहिला वाटते. ते हसून म्हणायचे, राहू दे बाई. राहू दे? या माणसाच्या तोंडी? शेवटी मी ठरवलं की याचा रुसवा आज मोडायचाच. माहेरून वाळलेले झिंगे आणले होते. मी चिमणी बंद ठेवली, खिडक्या सताड उघडल्या, दार उघडलं, आणि तवा तापवून झिंगे टाकले.

गल्लीत दारं उघडली. समोरची बाई नाकाला पदर लावून बाहेर आली. काकू खालून किंचाळल्याच, की काय करून राहिली वं, आता हे काय बोलतीन. मी तवा तसाच चिमट्यानं धरून जिना उतरली, म्हटलं आता बघू. काकाजी खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, "जेवण झालं का बाई?"

मी तो तवा त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी वाकून बघितलं. "काय आहे हे?"

मी म्हटलं, काकाजी, वास घ्या. त्यांनी घेतला, आज्ञाधारक पोरासारखा. मग म्हणाले, मले तं काही नाही येऊन राहिलं. कधीपासून, विचारलं, तर म्हणाले आठवत नाही, असंन बरेच दिवस. आणि पुन्हा हसले. नाक गेलं यानं मी घाबरली नव्हती. नाक गेलं आणि या माणसाला त्याचं काहीच वाटलं नव्हतं, त्यानं घाबरली.

नाकाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, नाकात काही नाही, डोक्याचा फोटो काढा. त्या फोटोनं आम्हाला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवलं. वयानं माझ्याएवढ्याच असतील, बोलायला सरळ. त्यांनी पडद्यावर दाखवलं. कपाळाच्या मागे, नाकाच्या बरोबर वर, एक पांढरा गोळा होता. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे तं संत्र्याएवढं आहे, एवढं संत्रं मावलं कुठं?

बाई म्हणाल्या, तोच तर सगळा प्रश्न आहे. कवटी म्हणजे हाडाचा बंद डबा. त्यात जास्तीची जागा नसते आणि हाड सरकत नाही. आत काही वाढलं की सरकावं लागते ते मेंदूलाच. ही गाठ मेंदूची नव्हती, मेंदूवर जे आवरण असते त्यातून निघालेली होती. दिसण्यावरून ती साधी होती, कॅन्सरची नव्हती, कुठं पसरणारी नव्हती. कितीतरी वर्षं थोडी थोडी वाढत आली, आणि मेंदू तिला थोडी थोडी जागा देत गेला, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. वासाच्या नसा तिथंच असतात, त्या आधी चेपल्या. मग कपाळामागचा मेंदू चेपला. कशाचं वाईट वाटायचं, कशासाठी उठायचं, कुठं चिडायचं, हे सगळं तिथून चालते. आता गाठ डोळ्यांच्या नसांवर टेकली होती. आणखी थांबलो असतो तर नजर गेली असती, आणि मग माणूसही. साधी असली तरी जागा चुकीची आहे, काढावीच लागेल, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मिरचीनं झालं का हो? कारण गल्लीत तोवर तज्ज्ञांची कमी नव्हती. कोणी म्हणे खकाणा डोक्यात चढला, कोणी म्हणे मोबाइल, कोणी म्हणे त्या नव्या सुनेची नजर लागली, आणि माझ्या चिमणीचंही नाव कोणीतरी घेतलं. बाई म्हणाल्या, मिरचीचा काही संबंध नाही. अशा गाठी का होतात ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. तुमचं कोणाचं काही चुकलं म्हणून झालेलं नाही.

काकाजी शेजारी बसून पंख्याकडे बघत होते. त्यांना विचारलं, ऑपरेशन करायचं का? ते म्हणाले, करा. जसं कोणी चहा विचारला होता.

काकूंनी मात्र बराच वेळ पदराचं टोक पिळलं. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "म्हणजे हे जे एवढे चांगले वागून राहिले, ते या गाठीनं?"

बाई म्हणाल्या, हो. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशनला धोका आहे, त्यातून निभावलं तर स्वभाव बराचसा परत येईल, पण वास येणार नाही. त्या नसा गेल्या.

"येऊ द्या स्वभाव," काकू म्हणाल्या. "आता या वयात मी नवीन माणसासंग कशी राहू?"

ऑपरेशनच्या दिवशी काकू बाकावर माझा हात धरून बसल्या होत्या, आणि जो हात त्यांनी धरला होता त्याला नंतर वळ उठले होते. सकाळी आत नेलेला माणूस दिवस कलताना बाहेर आला. डोक्याला मोठं पांढरं बांधलेलं, डोळे सुजलेले. गाठ पूर्ण निघाली, असं बाईंनी सांगितलं. मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला आणि मला बोलताच येईना. तो घाबरला, त्याला वाटलं गेले.

घरी आल्यावर ते कित्येक आठवडे नुसते झोपून होते. मी दोघांचा डबा खाली नेऊन द्यायची. मग एका सकाळी काकू धापा टाकत जिना चढून आल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, दूधवाल्यावर ओरडले वं, पाणी घातलं म्हणून. मी कणकेच्या हातानं त्यांना मिठी मारली. दूधवाला खाली उभा राहून विचारत होता की यात रडण्यासारखं काय आहे.

राग परत आला, आणि रागाबरोबर ती गोष्टही कळली, जी इतके दिवस त्यांना कळूनही कळली नव्हती. एक दिवस मी डबा घेऊन खाली गेली तर ते लाल मिरच्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. एक मोडायचे, नाकाशी न्यायचे, शिंकायचे. दुसरी मोडायचे. जमिनीवर बियांचा सडा पडला होता.

"ठसका येते," मला म्हणाले. "वास नाही येत."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यात मिरचीचं किती, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी डबा ठेवला आणि वर आली. चिमणीचं बटण मी त्यानंतर कधी दाबलं नाही.

ते सगळ्यांवर ओरडायला लागले. झाडूवाली, दूधवाला, टीव्ही, सगळ्यांना त्यांचा त्यांचा वाटा मिळाला. फक्त माझ्याकडे वर बघायचे नाहीत. झारा खुर्चीजवळ पडून होता. आणि मग एका सकाळी, मी कोथिंबीर चिरत होती, तर खालून आवाज आला. ठण्ण.

"काय वं बाई, जिरं करपलं न आज?"

मी शेगडीकडे बघितलं. गॅस पेटवलाच नव्हता. कढई पालथी होती. मी जिन्याच्या तोंडाशी आली. खाली काकाजी मान वर करून बसले होते, आणि त्यांच्या मागे दारात काकू उभ्या होत्या, माझ्याकडे बघत, नजरेनं विनवत. मी म्हटलं, "हो काकाजी. जरासं करपलं."

मग झारा इतक्या जोरात आपटला की कठडा वरपर्यंत थरथरला.

"खोटं नको बोलू. शेगडी पेटल्याचा आवाज नाही आला मले. कान आहेत न माहे."

"मग विचारलं काहून?"

"तू काय म्हणते ते पाहाले. सारे जण मले हो हो करून राहिले. दूधवाला पाणी घालते अन् हो म्हणते. घरात तुही काकू हो म्हणते. आता तूही?"

बस. इतक्या वर्षांचा, इतक्या महिन्यांचा सगळा वैताग एकदम माझ्या तोंडात आला.

"मग ऐका," मी ओरडली. "गॅस लावलाच नाही अजून. अन् लावला असता तरी तुम्हाले काय समजलं असतं? नाक गेलं तुमचं, काकाजी. आता गप बसा अन् मले माहे डबे करू द्या."

काकूंचा हात तोंडावर गेला. समोरच्या घराची खिडकी उघडली. काकाजी वर बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की तसा मी फोडणी करायला पहिल्यांदा गेली तेव्हापासून कधी बघितला नव्हता. झारा कठड्याला हलकेच लागला.

"हां," ते म्हणाले. "आता कसं. कर काम."

मी आत येऊन गॅस पेटवला. तेल टाकलं, मोहरी टाकली, जिरं टाकलं, आणि ओढणीनं डोळे पुसत खिडकीशी उभी राहिली. वळून बघते तर जिरं काळंठिक्कर. धूर खिडकीतून बाहेर गेला, जिन्यानं खाली उतरला. मी जिन्याच्या तोंडाशी येऊन झाऱ्याची वाट बघत राहिली. खाली काकूंनी मान वर केली, त्यांना वास आला होता. काकाजी त्यांनाच कौतुकानं सांगत होते, "पाह्यलं, कशी भांडते?" काकूंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, हो न. मी आत जाऊन आवाज न करता कढई धुतली, आणि फोडणी पुन्हा केली.